स्त्रीसमूह, अम्लरेखनातील

स्त्रीसमूह, अम्लरेखनातील : आधुनिक मुद्राचित्रकलेतील एक विषय. धातूच्या पत्र्यावर अम्लाच्या साहाय्याने रेषा खोदून त्यांतील शाई कागदावर उमटविली, म्हणजे जे चित्र तयार होते त्यास अम्लरेखन म्हणतात. कलाशाळांतून व प्रदर्शनांतून त्यासाठी ‘एचिंग’ हाच शब्द रूढ आहे. एकट्या स्त्रीचे व्यक्तिचित्र, माता व बालक, स्नान करणारी नग्निका हे विषय या माध्यमात फार पूर्वीपासून आढळतात. तथापि अनेक स्त्रिया एकत्र आल्या असता त्या मेळाव्याला त्याचे स्वतःचे रूप आणि मन असते, ही जाणीव अम्लरेखनात ठळकपणे प्रकटली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. या जाणिवेचे सर्वांत समर्थ उदाहरण म्हणून केटे कोलव्हित्स (१८६७–१९४५) या जर्मन कलावतीच्या कार्मान्योल (१९०१) या चित्राचा निर्देश करावा लागतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या चित्राचे रसग्रहण केले असून, त्याच्या संदर्भात मुंबईच्या ललिता लाजमी (१९३२–२०२३) यांच्या अम्लरेखनांचाही विचार केला आहे. [→ अम्लरेखन].

माध्यमाची रीत ठाऊक नसेल, तर अशा चित्राचे निम्मे मर्म हातून निसटते. तांब्याचा किंवा जस्ताचा पत्रा घासून गुळगुळीत करतात व कागद फाटू नये म्हणून त्याच्या कडा कानशीने तिरप्या करून घेतात. त्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ लेप देऊन तो बहुधा काजळीने काळा करतात. चित्रकार या लेपावर सुईने रेखाटतो. येथे त्याला पत्रा कापावा लागत नाही, केवळ लेप खरवडावा लागतो; त्यामुळे हाताला कागदावर लिहिण्याइतकी मोकळीक राहते. मग पत्रा अम्लात बुडवितात. जेथे लेप निघाला आहे तेथेच अम्ल धातू खाते. रेषा जितका वेळ अम्लात राहील तितकी ती खोल जाते आणि खोल रेषेत शाई अधिक साचत असल्याने ती छापात अधिक काळी उमटते. फिक्या ठेवायच्या रेषा मधूनच रोगणाने झाकून उरलेला पत्रा पुन्हा अम्लात सोडण्याची रीत आहे. शेवटी लेप काढून पत्र्यावर शाई चोपडतात, जाळीदार कापडाने वरची शाई पुसून घेतात आणि ओलसर कागद व त्यावर नमदा ठेवून पत्रा रुळांच्या दाबयंत्रातून काढतात. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. म्हणून अम्लरेखनातील रेषेवरून अलगद बोट फिरविले, तर ती किंचित उंच लागते. पत्र्याच्या कडांचा दाबही कागदावर चौकटीसारखा उमटतो. यासाठी कापसाच्या चिंध्यांचा जाड, कमी खळीचा कागद लागतो. बल्लारपूरच्या नावाने आपल्याकडे परिचित झालेला बांबूच्या लगद्याचा गुळगुळीत कागद लिहिण्या-छापण्यास उत्तम, पण हा दाब व ही ओल तो सोसत नाही.

याखेरीज आणखी तीन उपप्रक्रिया येथे लक्षात घ्यावयास हव्यात. राळेची बारीक पूड पत्र्यावर बसवून अम्लात घातल्यास दाणेदार करडा पट्टा मिळतो. हे ॲक्वाटिंट होय. लेप मऊ ठेवून त्यावर कापड वा खरखरीत कागद दाबला, तर त्याचा पोत पत्र्यावर उतरतो. अम्लाचा उपयोग न करता अणकुचीदार सुईने थेट पत्राच ओरखडला, तर रेषेच्या बाजूला धातूचा कीस उभा राहतो व त्यात अडकलेल्या शाईमुळे रेषा मखमलीसारखी मऊ दिसते. यास ड्रायपॉइंट म्हणतात. हा कीस लवकर झिजत असल्याने अशा पत्र्याच्या चांगल्या प्रती थोड्याच निघतात.

घुग्घुस, वणी, बल्लारपूर या वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यात राहणाऱ्या वाचकाला काळ्याच्या जाती वेगळ्या समजावून सांगण्याचे कारण नाही. ताज्या फुटलेल्या दगडी कोळशाची झळाळी, साठ्यावरील धुळीचा मवाळ काळा आणि पावसाने भिजलेल्या ढिगाचा जड काळा हे एकच नव्हेत, हे त्याचा डोळा रोज पाहतो. अम्लरेखनाची भाषा ती हीच. रंगाच्या अभावी येथे जवळचे व दूरचे, जिवंत व निर्जीव, धीट व भ्यालेले हे सारे काळ्याच्या खोलीने सांगावे लागते.

समूहाचे चित्रण करताना या भाषेपुढे एक विशेष अडचण उभी राहते. गर्दीतील प्रत्येक चेहरा स्वतंत्रपणे रेखाटला, तर चित्र व्यक्तिचित्रांची यादी होते. सर्वांना एका काळ्या पुंजक्यात विरघळविले, तर माणसे नाहीशी होऊन केवळ ‘जमाव’ उरतो. स्त्रियांच्या बाबतीत या अडचणीला जुन्या चित्रसंकेतांचीही जोड मिळते. पाश्चात्त्य परंपरेत अनेक स्त्रिया एकत्र दाखविल्या म्हणजे त्या एकतर तीन सौंदर्यदेवता, नाहीतर चेटकिणी. गोया या स्पॅनिश चित्रकाराने १७९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काप्रिचोस या ऐंशी अम्लरेखनांच्या संचात दुसऱ्या प्रकाराची उदाहरणे विपुल आहेत. त्यातील चव्वेचाळिसाव्या चित्रात सूत कातणाऱ्या तीन म्हाताऱ्या आहेत आणि त्यांच्यामागे मृत अर्भकांचा जुडगा टांगलेला आहे. चित्र भयंकर प्रभावी आहे. परंतु त्या तिघी कोण, त्यांना काय वाटते, हा प्रश्न गोयाला पडलेला नाही. त्या त्याच्या उपहासाचे साधन आहेत. उलट मेरी कसॅट या अमेरिकन चित्रकर्तीने पॅरिसमध्ये १८९०–९१ साली ड्रायपॉइंट व ॲक्वाटिंट यांच्या साहाय्याने केलेल्या दहा रंगीत छापचित्रांतील स्त्रिया चहा घेतात, कपडे बेततात, घोडागाडीतून जातात. जपानी छापचित्रांपासून घेतलेली सपाट, स्वच्छ रेषा हे त्यांचे वैशिष्ट्य. येथे स्त्रिया माणसे आहेत खऱ्या, पण दोघीतिघींहून अधिक एकत्र येत नाहीत आणि घराचा उंबरठा क्वचितच ओलांडतात.

कोलव्हित्सने तो उंबरठा ओलांडला. तिचा जन्म क्यूनिग्सबर्ग येथील. तरुणपणी चित्रकलेचे शिक्षण घेताना माक्स क्लिंगरची अम्लरेखने आणि त्याचे रेखनकलेविषयीचे विवेचन तिच्या पाहण्यात आले व रंगचित्रणाऐवजी काळ्या-पांढऱ्या माध्यमांकडे तिचा कल झाला. डॉक्टर असलेल्या पतीचा दवाखाना बर्लिनच्या कामगारवस्तीत होता. तेथे येणाऱ्या बायकांचे चेहरे, हात व बसण्याची ढब तिने वर्षानुवर्षे न्याहाळली. विणकरांचे बंड (१८९३–९७) या तीन शिलामुद्रणे व तीन अम्लरेखने असलेल्या मालेमुळे तिचे नाव झाले. १८९८ च्या बर्लिनमधील प्रदर्शनात त्या मालेला सुवर्णपदक द्यावे अशी परीक्षकांनी शिफारस केली असता सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने ती नाकारली. या पार्श्वभूमीवर तीन वर्षांनी कार्मान्योल तयार झाले.

कार्मान्योल हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ च्या सुमारास लोकप्रिय झालेले गाणे व त्याबरोबरचे फेराचे नृत्य. राजाराणीची टवाळी करणारे हे गीत रस्त्यांतून आणि गिलोटिनभोवती म्हटले जाई. कोलव्हित्सला विषय मिळाला तो मात्र इतिहासग्रंथातून नव्हे, तर चार्ल्स डिकिन्झच्या ए टेल ऑफ टू सिटीज (१८५९) या कादंबरीतून. कादंबरीतील प्रसंगात ल्यूसी ही नायिका तुरुंगाच्या भिंतीशेजारी उभी असताना हा नाच रस्ता भरून तिच्या अंगावर येतो. डिकिन्झच्या दृष्टीने मूळचा निष्पाप खेळ येथे राक्षसी झाला आहे. वाचक ल्यूसीच्या पाठीशी उभा राहतो आणि तिच्याच भीतीने नाचणाऱ्यांकडे पाहतो.

कोलव्हित्सने केलेला पहिला व निर्णायक बदल म्हणजे तिने ल्यूसीला काढून टाकले. चित्रात घाबरून पाहणारे कोणी नाही. पाहणाऱ्याला उभे राहण्यासाठी सुरक्षित कोपराही ठेवलेला नाही. त्याची नजर थेट गल्लीच्या फरसबंदीवरून आत शिरते. दुसरा बदल स्थळाचा. हे पॅरिस नव्हे. दोन्ही बाजूंनी दाटून आलेली, लाकडी चौकटींची उंच, जुनी घरे उत्तर जर्मनीतील बंदरशहरांच्या गरीब गल्ल्यांची आहेत. शंभर वर्षांपूर्वीचा व परदेशातील प्रसंग तिने आपल्या शेजारात आणून ठेवला आणि त्याबरोबर त्याचा अर्थही बदलला. येथील बायका इतिहासातील भुते राहत नाहीत. काल दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या त्याच या असतील, असे वाटू लागते.

पत्रा उभा असून साठ सेंमी.च्या जवळपास उंच आहे. घरांच्या भिंतींमधील अरुंद उभ्या जागेत गिलोटिनची चौकट ताठ उभी राहते व तिच्या पायथ्याशी स्त्रियांचा फेर उसळतो. पुढे मोकळ्या फरशीवर एक मुलगा ढोल वाजवीत आहे. उंचावलेले हात, मागे फेकलेली डोकी, उघडी तोंडे, खप्पड गाल आणि जड घागरे यांची एकच लाट होते. वरची चौकट मात्र अचल. या दोहोंच्या विरोधावर चित्र तोलले आहे. चौकटीच्या रेषा सरळ, घरांच्याही बहुतेक सरळ. स्त्रियांच्या अंगाची एकही रेषा सरळ नाही. रेषा-अम्लरेखन, ड्रायपॉइंट व ॲक्वाटिंट या तिन्हींचा उपयोग कोलव्हित्सने येथे एकत्र केला आहे. ॲक्वाटिंटच्या करड्या धुक्यामुळे गर्दी एकजीव होते. त्यावर पुन्हा काढलेल्या रेषांमुळे एखादी मूठ, एखादा जबडा, एखादी मान त्या धुक्यातून वर येते. अम्लात अधिक वेळ ठेवलेल्या रेषा जेथे आहेत तेथे डोळा थबकतो आणि पुन्हा करड्यात बुडतो. समूह व व्यक्ती यांतील उपर्युक्त अडचण तिने सोडविली आहे ती याप्रमाणे, अम्लाच्या घटकाभर अधिक-उण्याने.

फेराच्या नृत्याचे चित्र काढताना आणखी एक पेच येतो. फेरात नाचणाऱ्यांची तोंडे मध्याकडे असतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला जवळच्यांच्या पाठी व पलीकडच्यांचे चेहरे दिसतात. भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींचा किंवा गडचिरोलीकडे रेला म्हणत एकमेकींचे हात गुंफून सरकणाऱ्या गोंड-माडिया स्त्रियांचा फेर ज्याने पाहिला आहे, त्याला हा अनुभव आहे : आपण बाहेरचे आहोत हे त्या पाठी आपल्याला स्पष्ट सांगतात. फेर हा आत असणाऱ्यांचा असतो. कोलव्हित्सने पुढील बाजू मोकळी सोडून तेथे ढोलवाला मुलगा उभा केला, तो या पेचातून वाट काढण्यासाठी. फेर आपल्या दिशेला उघडा राहतो आणि त्या रिकाम्या जागेत पाहणारा ओढला जातो. भुलाबाईच्या फेराच्या मध्यभागी मातीची मूर्ती असते. येथे मध्यभागी वधयंत्र आहे. फेर मात्र तोच, ताल तोच, हे या चित्राचे भयही आहे आणि सत्यही.

या स्त्रियांविषयी कलावतीची भूमिका कोणती, यावर मतभेद संभवतो. काहींना त्यात क्रांतीचा जयघोष दिसतो, तर काहींना डिकिन्झचीच घृणा. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही वाचने चित्राला उणेपणा आणतात. कोलव्हित्सने या बायकांना सुंदर केलेले नाही. त्यांची उपासमार व त्यांचा क्रूर आनंद ही एकाच चेहऱ्यावर दाखविली आहेत. पण त्यांना चेटकीणही केलेले नाही, कारण त्यांच्या हातांचे वळण, पायांची जड ठेवण आणि कपड्यांचे ओझे ही श्रमाची आहेत. ज्या हातांनी धुणी धुतली, तेच हात वर गेले आहेत. पाहणाऱ्याने त्यांची बाजू घ्यावी की नाही हे ती सांगत नाही; त्यांना ओळखल्याखेरीज पुढे जाऊ देत नाही, एवढे खरे. जाहिरातपत्रक व चित्र यांत फरक असतो तो येथे.

चित्र निर्दोष नाही. घरांच्या दोन्ही रांगा नाटकाच्या पडद्यांप्रमाणे बाजूंना उभ्या केलेल्या वाटतात आणि काही चेहऱ्यांवरील आवेश एकाच साच्यातून काढल्यासारखा दिसतो. कथेचे बोट कलावतीने अद्याप सोडलेले नाही, हेही जाणवते. पुढे शेतकऱ्यांचे युद्ध या सात अम्लरेखनांच्या मालेतील उठाव (१९०२–०३) या चित्रात हे दोष उरले नाहीत. तेथे पाठमोरी ‘काळी ॲना’ दोन्ही हात उंचावून शेतकऱ्यांच्या लोंढ्याला चेतविते. पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी आहे. मऊ लेपावर दाबलेल्या पोतांतून जमीन व आकाश निर्माण केले असून ॲनाच्या चेहऱ्याची गरजच राहिलेली नाही. तिची पाठ पुरते. मात्र उठाव हे एका स्त्रीचे व तिच्यापुढील जमावाचे चित्र आहे. स्त्रियांचा समूह म्हणून विचार करता कार्मान्योलचेच स्थान वरचे राहते.

कोलव्हित्सच्या पुढील कार्यातून या माध्यमाची मर्यादाही कळते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच, ऑक्टोबर १९१४ मध्ये तिचा धाकटा मुलगा पेटर बेल्जियमच्या रणभूमीवर मरण पावला. एकमेकींना घट्ट धरून मुलांना पोटाशी घेतलेल्या स्त्रियांच्या समूहाची कल्पना त्यानंतर तिच्या मनात घोळू लागली. हा माता विषय तिने आधी अम्लरेखनात व शिलामुद्रणात हाताळला. पण समाधान होईना. १९२० साली एर्न्स्ट बारलाखचे काष्ठठसे पाहिल्यावर तिने युद्धमालेसाठी काष्ठठशाचे माध्यम स्वीकारले आणि त्या मालेत माता हे चित्र १९२१–२२ मध्ये पूर्ण झाले. कारण शोधणे अवघड नाही. अम्लरेखनाची रेषा हालते, थरथरते, अनेक अर्धछटा दाखविते. फेरात नाचणाऱ्या बायकांना ती शोभते. मुलांभोवती भिंत झालेल्या बायकांना हालचाल नको होती. त्यांना एक अखंड काळा ठोकळा हवा होता व तो लाकडानेच दिला. फेरातल्या स्त्रिया हात बाहेर फेकतात, मातांचे हात आत वळतात. एकाच कलावतीच्या या दोन चित्रांमध्ये वीस-बावीस वर्षांचे अंतर आहे आणि एका मुलाचा मृत्यू. पुढे १९३७–३८ मध्ये तिने याच कल्पनेचे शिल्प केले. प्रशियाच्या कला अकादमीवर १९१९ साली निवडून आलेल्या या कलावतीला १९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणामुळे त्या अकादमीतून बाहेर पडावे लागले होते.

भारतात अम्लरेखनाला कलाक्षेत्रात प्रतिष्ठा मिळावयास विलंब लागला. मुकुल डे (१८९५–१९८९) यांनी १९१६ मध्ये शिकागो येथे या तंत्राचे शिक्षण घेतले. परदेशी जाऊन मुद्राचित्रण शिकणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी ते एक होत. महाराष्ट्राशी त्यांचा संबंध अजिंठ्यामुळे येतो : तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती त्यांनी केल्या व त्या अनुभवांवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अजिंठ्याच्या भिंतींवर स्त्रियांचे समूह पदोपदी आहेत. एकीचा खांदा दुसरीच्या मानेला लागून तयार होणारी ती वाहती रेषा पाहिली, म्हणजे समूहचित्रणाचा वारसा आपल्याकडे किती जुना आहे हे ध्यानी येते. परंतु त्या रेषेत ताण नाही. आधुनिक अम्लरेखनाला हवा असलेला ताण पुढील पिढ्यांनी आणला. बंगालमध्ये सोमनाथ होर (१९२१–२००६) यांनी दुष्काळ व हिंसा यांच्या जखमा थेट पत्र्याच्या व कागदाच्या पृष्ठभागावर उमटविल्या, तर कृष्णा रेड्डी (१९२५–२०१८) यांनी पॅरिसमधील हेटर यांच्या कार्यशाळेत शाईच्या कमीअधिक दाटपणाचा उपयोग करून एकाच पत्र्यावरून अनेक रंग छापण्याची पद्धती विकसित केली. मुंबईत मात्र बाजार आणि मान हे तैलरंगाला मिळत राहिले. छापचित्र म्हणजे ‘प्रत’, म्हणून कमी मोलाचे, ही समजूत येथील सुशिक्षितांतही दीर्घकाळ टिकून होती, हे नमूद करणे भाग आहे. प्रत्येक छाप ही मूळ कृतीच असते आणि चित्रकार तिच्यावर स्वाक्षरी व क्रमांक घालतो, एवढेही पुष्कळांना ठाऊक नसते.

ललिता लाजमी यांची अम्लरेखने या वातावरणात घडली. त्यांचा जन्म कलकत्त्याचा; चित्रपट-दिग्दर्शक गुरुदत्त (१९२५–६४) हे त्यांचे बंधू. मुंबईत संसार सांभाळून व शाळेत कलाशिक्षिका म्हणून नोकरी करीत त्या चित्रे काढीत राहिल्या. एकोणीसशे साठच्या सुमारास त्यांची चित्रे प्रदर्शनांतून दिसू लागली, तरी त्यांचे खरे माध्यम त्यांना सापडले ते सत्तरीच्या दशकात, सर ज. जी. कला विद्यालयातील अम्लरेखनाच्या सायंवर्गांमध्ये. पुढे त्यांनी घरीच दाबयंत्र बसविले. दिवसाची नोकरी व घरकाम आटोपल्यावर पत्र्याकडे वळायचे, हा त्यांचा क्रम त्यांच्या चित्रांच्या स्वभावाशी जुळतो. ही चित्रे दिवसाउजेडाची नाहीत.

लाजमींच्या स्त्रिया एकत्र असतात, पण एकत्र काही करीत नाहीत. त्यांच्यामध्ये फेर नाही, मोर्चा नाही, पाणवठा नाही. आई व मुलगी, नटी व तिचा मुखवटा, पत्नी व तिच्यामागे उभी असलेली दुसरी कोणी स्त्री अशा जोड्या व गट एका चौकटीत येतात आणि प्रत्येकीची नजर निराळीकडे लागलेली असते. मुखवटा ही त्यांची आवडती वस्तू. तो कधी हातात असतो, कधी चेहऱ्यावर, आणि कधी चेहराच मुखवट्यासारखा होतो. त्यामुळे चित्रात नेमक्या किती स्त्रिया आहेत हेही चटकन मोजता येत नाही. एकाच बाईची चार रूपे म्हणजे समूह काय? या प्रश्नापाशी त्या पाहणाऱ्याला आणून सोडतात. त्यांच्या चित्रांतील स्त्री दीनवाणी नाही. दुर्गा व काली यांच्या प्रतिमा त्यांनी गुडघे टेकलेल्या पुरुषांच्या वर उभ्या केल्या आहेत. मात्र तो आवेश देवतांना लाभतो. घरातल्या स्त्रिया गप्प राहतात. या गप्प राहण्यात दबलेला ताण असतो, आणि एकरंगी ॲक्वाटिंटच्या करड्या थरांत तो जितका साठतो तितका त्यांच्या जलरंगांतही साठत नाही.

बंधूंच्या चित्रपटांतील छायाप्रकाशाचा ठसा या अम्लरेखनांवर आहे, असे म्हटले जाते व ते बरोबर आहे. प्यासा (१९५७) व कागज के फूल (१९५९) यांतील अंधारात अर्धे बुडालेले चेहरे ज्यांना आठवतात त्यांना हे नाते लगेच पटेल. पण त्यावर फार भर देणे अन्यायाचे होईल. छायाप्रकाश हा चित्रपटात दिव्याने पाडलेला असतो. पत्र्यावर तो राळ बसवून, झाकून, पुन्हा पुन्हा अम्लात बुडवून हाताने वाढवावा लागतो आणि पहिली प्रत निघेपर्यंत तो कसा आला आहे हे कळत नाही. कर्तृत्ववान भावाची बहीण म्हणून कलावतीचा परिचय करून देण्याची आपल्याकडील खोड या प्रकरणीही सुटलेली नाही.

कोलव्हित्सच्या शेजारी ठेवले असता लाजमींचे क्षेत्र लहान दिसते. इतिहास, भूक, रस्ता यांना त्यांच्या पत्र्यावर जागा नाही, आणि मुखवट्याची योजना काही वेळा सवयीची होते. तरीही स्त्रियांच्या समूहाविषयी त्यांनी सांगितलेली गोष्ट कोलव्हित्सने सांगितलेली नाही. रस्त्यावर एक होणाऱ्या बायका घरात एकेकट्या का असतात, हा प्रश्न कार्मान्योलच्या फेरात उद्‌भवत नाही.

तुलनेसाठी नागपूर जिल्ह्यातील बेला येथे जन्मलेल्या बी. प्रभा (१९३३–२००१) यांचा उल्लेख करता येईल. त्यांनी तैलरंगात रंगविलेल्या कोळिणी व खेडवळ स्त्रिया घराघरांत परिचित झाल्या. लांबविलेल्या माना, सडपातळ बांधा आणि एका प्रमुख रंगात भिजलेली पार्श्वभूमी ही त्यांची लकब. त्यांच्या मनात या स्त्रियांच्या कष्टाविषयी खरी कणव होती, यात शंका नाही. पण रंगाच्या गोडव्याने व आकृतीच्या डौलाने त्या कष्टाची धार पुष्कळदा बोथट होते. डोक्यावरची टोपली जड वाटत नाही. उन्हाळ्यात गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपाने तोडून, सावलीला रांगेने बसून पुडकी बांधणाऱ्या बायकांना पाहिलेला माणूस अशा चित्रापुढे थोडा अवघडतो. त्या बायकांची बोटे काळी पडलेली असतात. ती बोटे अम्लरेखनाचा विषय आहेत, रंगचित्राचा क्वचितच.

अम्लरेखने पुस्तकातून पाहण्याचा प्रसंग बहुतेक वाचकांवर येतो. अशा वेळी काही गोष्टींचे भान ठेवणे इष्ट. छापील पानावर सर्व काळे एकाच पातळीवर येतात; खोल रेषेचा उंचवटा आणि ड्रायपॉइंटची मखमल नाहीशी होते. कार्मान्योलसारखा मोठा पत्रा पानावर हाताच्या पंज्याएवढा झाला, की गिलोटिन दिसते, बायकांचे चेहरे दिसत नाहीत, आणि चित्राचा तोल नेमका उलटा होतो. शक्य तेथे भिंगाने पाहावे, आणि पत्र्याच्या कडेची दाबरेषा छायाचित्रात ठेवली आहे की कापली आहे, हेही पाहून घ्यावे. पुष्कळ प्रकाशक ती कापतात. कोलव्हित्सच्या मूळ छापांचे मोठे संग्रह कोलोन (स्थापना १९८५) व बर्लिन (१९८६) येथील तिच्या नावाच्या संग्रहालयांत आहेत. ललिता लाजमी यांच्या सर्व कालखंडांतील कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये भरले; ते चालू असतानाच, १३ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले.